चालू कॅम्पेनमध्ये नव्या आवृत्तीचे नियम कसे आणावेत

डंजन्स अँड ड्रॅगन्स हा टेबलाभोवती बसून फासे टाकत पात्रांच्या भूमिका वठवण्याचा खेळ १९७४ मध्ये प्रसिद्ध झाला आणि तेव्हापासून त्याचे नियम अनेकदा मुळापासून नव्याने लिहिले गेले. १९८९ मध्ये ‘ॲडव्हान्स्ड’ शाखेची दुसरी आवृत्ती आली, २००० मध्ये तिसरी, २००८ मध्ये चौथी, २०१४ मध्ये पाचवी आणि २०२४ पासून पाचवीचीच सुधारलेली नियमपुस्तके. ज्यांचे कॅम्पेन, म्हणजे त्याच पात्रांसह अनेक बैठका चालणारी कथा, अर्ध्यावर आलेले असते अशा गटांपुढे दर वेळी तोच प्रश्न उभा राहतो. नव्या पुस्तकातले दोन-चार नियम मनापासून आवडलेले असतात, पण तेवढ्यासाठी सगळी पात्रे, सगळे मॉन्स्टर आणि आधीच तयार करून ठेवलेली साहसे बदलण्याची तयारी नसते. अशा वेळी हवे तेवढेच नियम हाउस रूल, म्हणजे आपल्या गटापुरते नियम, म्हणून उचलणे हा रास्त मार्ग आहे. मात्र कोणताही नियम पुस्तकात एकटा उभा नसतो. तो जी सवलत देतो तिची किंमत त्याच पुस्तकातला दुसरा एखादा नियम चुकती करत असतो. ही किंमत कोण भरते हे शोधून काढणे हेच या कामातले खरे काम आहे, आणि पुढचे बहुतेक विवेचन त्याविषयीच आहे.

आधी अडचण लिहून काढा

नवे पुस्तक उघडण्यापूर्वी आपल्या टेबलावर नेमके काय अडते ते एका वाक्यात लिहावे. ‘तिसऱ्या फेरीनंतर जादूगाराकडे करण्यासारखे काही उरत नाही’, ‘प्रत्येक वाराआधी सात-आठ बोनसांची बेरीज करावी लागते’, ‘पात्र बेशुद्ध पडले की तो खेळाडू तासभर नुसता बसून राहतो’ अशी ही वाक्ये असतात. ती गेम मास्टरने, म्हणजे खेळ चालवणाऱ्याने, एकट्याने लिहू नयेत. सेशन संपल्यावर प्रत्येक खेळाडूला विचारावे, कारण गेम मास्टरला संथ वाटणारी लढाई खेळाडूंना मनासारखी रंगलेली वाटत असण्याची शक्यता असते. एखादा नवा नियम यांपैकी कोणत्याच वाक्याला उत्तर देत नसेल, तर तो फक्त नवा आहे म्हणून आवडला आहे असे समजावे आणि पुढच्या कॅम्पेनसाठी राखून ठेवावा.

अडचण लिहिल्यावर पहिला शोध आपल्याच आवृत्तीत घ्यावा. दुसऱ्या आवृत्तीच्या काही गटांना शून्य हिट पॉइंट्सला (म्हणजे पात्राच्या जिवाचे गुण संपताच) येणारा मृत्यू फार कठोर वाटतो आणि ते थेट पाचव्या आवृत्तीतल्या डेथ सेव्हिंग थ्रोकडे, म्हणजे जगणे-मरणे ठरवणाऱ्या फाशांकडे, वळतात. पण त्या आवृत्तीत पात्र उणे १० पर्यंत तग धरते असा वैकल्पिक नियम आहे, आणि दर फेरीला एक हिट पॉइंट कमी होत जात असल्यामुळे सोबत्यांना धावून जाण्यासाठी वेळ मिळतो. घरच्या नियमाने भागत असेल तर बाहेरचा आणू नये, कारण घरचा नियम बाकीच्या पुस्तकाशी आधीच जुळवलेला असतो.

सोपे काम आधी

काही बदल दिसायला मोठे असतात, पण त्यांत खेळ बदलत नाही, फक्त गणित उलटे मांडले जाते. थॅको (आर्मर क्लास ० च्या शत्रूवर वार लागण्यासाठी फाशावर हवा असलेला आकडा) आणि उतरता आर्मर क्लास (संरक्षणाचा आकडा, जितका कमी तितका चांगला) हे त्याचे सर्वांत परिचित उदाहरण आहे. २० मधून थॅको वजा केला की वाराचा बोनस मिळतो आणि २० मधून जुना आर्मर क्लास वजा केला की तिसऱ्या आवृत्तीपासून रूढ झालेला चढता आर्मर क्लास मिळतो. थॅको १७ असलेल्या पात्राला आर्मर क्लास ४ च्या शत्रूवर जुन्या रीतीने १३ लागतात. नव्या रीतीने बोनस ३ आणि आर्मर क्लास १६, म्हणजे पुन्हा १३ च. उणे २ चा आर्मर क्लास २२ होतो. एकही शक्यता बदलत नसल्यामुळे हा बदल कोणत्याही दिवशी करता येतो, आणि नव्या नियमांना बिचकणाऱ्या गटाने सुरुवात इथूनच करावी.

ॲडव्हांटेज: उचलायला हलका, मोजायला अवघड

पाचव्या आवृत्तीतला ॲडव्हांटेजचा नियम, म्हणजे वीस बाजूंचे दोन फासे टाकून मोठा आकडा घेणे, जुन्या आवृत्त्यांत सर्वांत जास्त नेला जातो आणि ते योग्यच आहे, कारण तो फारसा कशावर टेकलेला नाही. तरीही त्याचे वजन ठाऊक असले पाहिजे. जिथे ११ किंवा जास्त लागतात तिथे यशाची शक्यता ५० टक्क्यांवरून ७५ वर जाते, म्हणजे जवळजवळ ५ चा बोनस मिळाल्यासारखे होते. जिथे १६ लागतात तिथे ती २५ वरून ४३.७५ होते. जिथे फक्त २० चालतो तिथे ५ वरून ९.७५ होते, म्हणजे जेमतेम १ चा बोनस. जुन्या पुस्तकातल्या २ च्या बोनसाच्या जागी सरसकट ॲडव्हांटेज दिला, तर मधल्या पट्ट्यातल्या लढाया बऱ्याच सोप्या होतात.

तिसऱ्या आवृत्तीत आणखी एक गोष्ट आडवी येते. तिथे शस्त्रांना क्रिटिकलची, म्हणजे जादा नुकसान करणाऱ्या वाराची, वेगवेगळी मर्यादा असते. रेपियर या बारीक तलवारीची १८ ते २० असते आणि इम्प्रूव्हड क्रिटिकल हे फीट (पात्रासाठी निवडायची खास क्षमता) घेतल्यावर ती १५ ते २० होते. एका फाशावर या मर्यादेत येण्याची शक्यता ३० टक्के असते, दोन फाशांवर ती ५१ टक्के होते. म्हणून त्या आवृत्तीत ॲडव्हांटेज आणताना ‘क्रिटिकलची मर्यादा पहिल्याच फाशावर पाहावी’ अशी एक ओळ जोडावी, नाहीतर सगळे खेळाडू रेपियर घेऊन येतील आणि त्यांचे काही चुकलेले नसेल.

या नियमाचा दुसरा अर्धा भाग बहुतेक गट विसरतात. पाचव्या आवृत्तीत ॲडव्हांटेज साचत नाही: तीन कारणांनी मिळाला तरी फासे दोनच, आणि डिसॲडव्हांटेजचे (दोन फाशांतला लहान आकडा घेण्याचे) एक कारण असले तरी दोन्ही रद्द होतात. बेरजा थांबाव्यात म्हणूनच तो नियम तसा लिहिलेला आहे. जुने बोनस जसेच्या तसे ठेवून त्यांवर दोन फासे दिले, तर बेरजाही राहतात आणि फासेही वाढतात. त्यामुळे आपल्या पुस्तकातले परिस्थितीनुसार मिळणारे बोनस, म्हणजे उंचीवरून वार, पाठीमागून वार, पडलेल्या शत्रूवर वार असे, एका कागदावर लिहून प्रत्येकासमोर ‘राहील’ किंवा ‘ॲडव्हांटेज होईल’ असे ठरवून टाकावे. जादूच्या शस्त्राचा किंवा लेव्हलचा कायमचा बोनस या यादीत घेऊ नये.

एक नियम जवळून पाहू: एक्झॉशन

२०१४ च्या नियमात एक्झॉशनच्या, म्हणजे थकव्याच्या, सहा पायऱ्या आहेत आणि प्रत्येकीचा परिणाम वेगळा आहे. पहिलीला ॲबिलिटी चेकवर (चढणे, शोधणे अशा कामांच्या फाशावर) डिसॲडव्हांटेज, दुसरीला वेग निम्मा, तिसरीला वार आणि सेव्हिंग थ्रो (संकटातून बचावण्याचा फासा) यांवरही डिसॲडव्हांटेज, चौथीला कमाल हिट पॉइंट्स निम्मे, पाचवीला वेग शून्य आणि सहावीला मृत्यू. खेळताना हा तक्ता कोणालाच पाठ नसतो आणि दर वेळी पुस्तक उघडावे लागते. २०२४ मध्ये त्याची जागा एका ओळीने घेतली: प्रत्येक पायरीमागे वीस बाजूंच्या फाशाच्या चाचणीतून २ वजा, वेगातून ५ फूट वजा, आणि सहाव्या पायरीला मृत्यू. २०१४ चे कॅम्पेन चालवणाऱ्या कोणालाही हा नियम उचलावासा वाटेल, आणि माझ्या मते तो उचलावाच.

पण उचलण्याआधी आपल्या पुस्तकात एक्झॉशन कोणकोणत्या ठिकाणी येते ते शोधावे. उपासमार, लांबची सक्तीची चाल आणि काही स्पेल (मंत्र) ही ठिकाणे निरुपद्रवी आहेत. तिथे नवा नियम सहज बसतो. बर्सर्कर बार्बेरियन या त्वेषाने लढणाऱ्या योद्ध्यापाशी मात्र थांबावे लागते. २०१४ मध्ये त्याने फ्रेन्झी (जादा वार देणारी त्याची क्षमता) वापरली की रेज, म्हणजे लढाईतला त्याचा त्वेष, संपताना एक्झॉशनची एक पायरी चढते. जुन्या नियमाने त्या पहिल्या पायरीचा लढाईवर जवळजवळ काहीच परिणाम नव्हता, कारण ती फक्त ॲबिलिटी चेकना लागू होती. नव्या नियमाने तोच बार्बेरियन दिवसाच्या दुसऱ्या लढाईत प्रत्येक वाराला आणि प्रत्येक सेव्हिंग थ्रोला २ कमी घेऊन उतरतो, आणि पुन्हा फ्रेन्झी वापरली तर तिसऱ्या लढाईत ४ कमी घेऊन. बाकी सगळ्यांसाठी सोपा झालेला नियम त्या एका खेळाडूच्या मुळावर येतो.

नव्या पुस्तकाने या प्रश्नाचे काय केले तेही पाहावे. २०२४ च्या फ्रेन्झीत एक्झॉशन येतच नाही. रेज चालू असताना रेकलेस अटॅक (स्वतःचा बचाव सोडून केलेला वार) केला तर त्या टर्नमध्ये, म्हणजे त्या पाळीत, पहिला वार लागलेल्या शत्रूला जादा नुकसान होते, आणि त्यासाठी रेजच्या नुकसानीच्या बोनसाइतके सहा बाजूंचे फासे टाकायचे असतात, म्हणजे सुरुवातीला दोन. इथे दोन मार्ग उरतात. एक तर एक्झॉशनबरोबर ही फ्रेन्झीही आणावी. मग बोनस ॲक्शनने (टर्नमधल्या छोट्या जादा कृतीने) मिळणारा जुना जादा वार जातो, आणि त्याला त्या खेळाडूची संमती हवी. नाहीतर फ्रेन्झी जुनीच ठेवावी आणि तिच्यामुळे चढलेल्या पायऱ्या वार व सेव्हिंग थ्रो यांना लागू नाहीत असे लिहावे. गटात बर्सर्कर नसेल तर यातले काहीही करण्याची गरज नाही, आणि हाउस रूलचा हा मोठा फायदा आहे: पुस्तकाला सगळ्या जगासाठी लिहावे लागते, तुम्हाला फक्त समोर बसलेल्या चार-पाच जणांसाठी.

कोणताही नियम आणताना हाच क्रम ठेवावा. तो नियम नव्या पुस्तकात ज्या ज्या नियमांना हात लावतो ते पाहावेत, मग आपल्या पुस्तकात त्याच जागी काय आहे ते पाहावे, आणि जिथे जागा रिकामी किंवा वेगळी निघेल तिथे निर्णय लिहावा.

आधारच नसलेला नियम: जुन्या बेसिक खेळात डेथ सेव्हिंग थ्रो

१९८१ च्या बेसिक संचात, म्हणजे नवख्यांसाठीच्या सोप्या नियमसंचात, शून्य हिट पॉइंट्स म्हणजे मृत्यू. ६ हिट पॉइंट्सच्या फायटरला (योद्ध्याला) ७ चे नुकसान झाले की खेळाडूने नवा कागद घ्यायचा. पाचव्या आवृत्तीत तेच पात्र आपल्या प्रत्येक टर्नला फासा टाकते. १० किंवा जास्त आल्यास यश, कमी आल्यास अपयश, १ आल्यास दोन अपयशे, २० आल्यास १ हिट पॉइंट घेऊन उठणे, आणि तीन यशे आधी झाली तर जीव वाचतो. कोणीच मदत केली नाही तरी जगण्याची शक्यता सुमारे ५९.५ टक्के निघते, आणि मदत मिळाली तर मृत्यू दुर्मिळ होतो.

हा नियम नव्या पुस्तकात कशावर टेकलेला आहे? हीलिंग वर्डसारखी स्पेल दुरून आणि बोनस ॲक्शनमध्ये टाकता येते, मेडिसिनचा चेक करून कोणीही सोबत्याला स्थिर करू शकतो, आणि क्लेरिककडे (पुरोहिताकडे) पहिल्या लेव्हलपासून स्पेल असतात. बेसिक संचात यातले काहीही नाही. तिथे मेडिसिनचे कौशल्य नाही आणि पहिल्या लेव्हलच्या क्लेरिकला एकही स्पेल मिळत नाही. म्हणजे पडलेला फायटर फासे टाकत राहतो आणि बाकीच्यांना त्याच्यासाठी काय करता येते हे पुस्तक सांगत नाही.

दुसऱ्या बाजूने, बेसिक संचात मृत्यूची भीती एक काम करत असते. तिथे बहुतेक अनुभव गुण खजिन्यातून मिळतात, एका सोन्याच्या नाण्याला एक. गोब्लिन मारून ५ गुण मिळतात आणि फायटरला दुसऱ्या लेव्हलसाठी २,००० लागतात. त्या खेळात लढाई टाळणे, बोलणी करणे, शत्रूचे मनोधैर्य ढासळण्याची वाट पाहणे हेच शहाणपण आहे, आणि दोन सहा-बाजूंच्या फाशांचे रिॲक्शन (भेटलेल्यांची प्रतिक्रिया) व मोराल (मनोधैर्य) यांचे तक्ते त्यासाठीच दिलेले आहेत. मृत्यू सौम्य केला की लढाई परवडू लागते, खेळाडू ती निवडू लागतात, आणि हे दोन्ही तक्ते हळूहळू वापरातून जातात. हे नको असेल तर पूर्ण नियम आणू नये.

अशा ठिकाणी नियमाचा हेतू घ्यावा आणि तो आपल्या आवृत्तीच्या साधनांनी पुरा करावा. बेसिक संचात मृत्यू व विष यांविरुद्धचा सेव्हिंग थ्रो आधीच आहे: पहिल्या लेव्हलला फायटरला १२, क्लेरिकला ११, जादूगाराला आणि चोराला १३, ड्वार्फला ८. शून्यावर आलेल्या पात्राने लढाई संपल्यावर हा एकच थ्रो करावा. यश आले तर ते १ हिट पॉइंट घेऊन जिवंत सापडते आणि पुढचा आठवडा झुंजण्याच्या लायक नसते, अपयश आले तर मृत्यू. यात ड्वार्फचा चिवटपणा दिसतो, लेव्हल वाढली की जगण्याची शक्यता वाढते, लढाई चालू असताना पडलेल्याचे काय झाले ते कोणालाच ठाऊक नसते, आणि सावधपणे खेळण्याचे कारण कायम राहते. नव्या पुस्तकातला शब्दही न वापरता त्यातली दया तेवढी उचलली जाते.

काही नियमांविषयी माझे मत

२०२४ ची वेपन मास्टरी, म्हणजे शस्त्रागणिक मिळणारा खास गुण, २०१४ च्या कॅम्पेनमध्ये आणण्यासारखी आहे, कारण शस्त्रांवर जगणाऱ्या पात्रांकडे तिथे पर्याय खरोखर कमी होते. पण ती एकदम पूर्ण देऊ नये. शत्रूला पाडणाऱ्या टॉपल या गुणामुळे प्रत्येक लागलेल्या वारामागे शत्रूचा सेव्हिंग थ्रो येतो. पाचव्या लेव्हलचा फायटर ॲक्शन सर्ज (एक जादा ॲक्शन देणारी क्षमता) वापरतो तेव्हा एका टर्नमध्ये असे चार थ्रो होऊ शकतात. सुरुवातीला प्रत्येक पात्राला एकाच शस्त्राची मास्टरी द्यावी आणि टॉपल टर्नमध्ये एकदाच चालेल असे ठरवावे.

औषधाची बाटली बोनस ॲक्शनमध्ये पिण्याचा नियम बिनधास्त घ्यावा. अचानक हल्ला झालेल्याची पूर्ण टर्न जाण्याऐवजी त्याला इनिशिएटिव्हवर (पाळीचा क्रम ठरवणाऱ्या फाशावर) डिसॲडव्हांटेज देण्याचा २०२४ चा नियमही चांगला आहे, पण २०१४ चा असॅसिन (छुपा मारेकरी) अचानक गाठलेल्या शत्रूवरच्या वारावर जगतो. तो गटात असेल तर आधी त्याच्याशी बोलावे.

पाचव्या आवृत्तीतले कॉन्सन्ट्रेशन तिसऱ्या आवृत्तीत नेताना फार विचार करावा. एका वेळी एकच टिकणारी स्पेल ही मर्यादा आकर्षक वाटते, पण त्या आवृत्तीतले वरच्या लेव्हलचे मॉन्स्टर तीन-चार स्पेलनी मजबूत झालेल्या गटाला गृहीत धरून लिहिलेले आहेत. मर्यादा आणली तर त्यांचे आकडेही उतरवावे लागतात. शिवाय तिथे कॉन्सन्ट्रेशन नावाचे एक कौशल्य आधीच आहे, म्हणून हाउस रूलला दुसरे नाव द्यावे, नाहीतर दर सेशनला घोळ होईल.

पाथफाइंडर या वेगळ्या खेळाच्या २०१९ च्या दुसऱ्या आवृत्तीतला लागणाऱ्या आकड्यापेक्षा १० ने जास्त किंवा कमी आल्यास मोठे यश वा मोठे अपयश हा नियम पाचव्या आवृत्तीत आणू नये असे माझे ठाम मत आहे. पाथफाइंडरमध्ये शिकलेल्या गोष्टीत पात्राची लेव्हल बेरजेत येते, त्यामुळे १० चा फरक हा पात्राच्या तयारीचा फरक असतो. पाचव्या आवृत्तीत प्रोफिशियन्सी बोनस (शिकलेल्या गोष्टीचा बोनस) सगळ्या वीस लेव्हलमध्ये मिळून २ वरून ६ पर्यंतच जातो; तिथे १० चा फरक बहुतांशी फाशाचा असतो. पाथफाइंडरमधली तीन ॲक्शनची टर्नही तशीच: ती आणायची तर बोनस ॲक्शनला टेकलेले सगळेच नव्याने लिहावे लागते, आणि त्यापेक्षा तो खेळच खेळावा.

लिहिणे, आणणे, तपासणे

नियम बोलण्यावर ठेवू नये. तो लिहावा, आणि काय बदलते याइतकेच काय बदलत नाही हेही लिहावे. वरच्या उदाहरणाचा मजकूर असा होईल: ‘एक्झॉशनच्या प्रत्येक पायरीमागे वीस बाजूंच्या फाशाच्या सर्व चाचण्यांतून २ आणि वेगातून ५ फूट वजा होतील. सहाव्या पायरीला मृत्यू. पुस्तकातला जुना तक्ता वापरायचा नाही. मोठ्या विश्रांतीनंतर एक पायरी उतरते, हे पूर्वीप्रमाणेच. फ्रेन्झीमुळे आलेल्या पायऱ्या वार व सेव्हिंग थ्रो यांना लागू नाहीत. हा नियम मॉन्स्टरनाही लागू आहे. चालू साहस संपेपर्यंत, मग फेरविचार.’ पाचव्या आवृत्तीचे मूलभूत नियम एसआरडी (नियमांचा संदर्भ-दस्तऐवज) ५.१ या नावाने जानेवारी २०२३ मध्ये आणि सुधारित नियम एसआरडी ५.२ या नावाने २०२५ मध्ये क्रिएटिव्ह कॉमन्सच्या श्रेयनिर्देश परवान्याखाली खुले झाले आहेत, त्यामुळे त्यांतला मजकूर योग्य श्रेय देऊन आपल्या पत्रकात जसाच्या तसा घेता येतो.

नियम दोन साहसांच्या मधल्या थांब्यावर किंवा लेव्हल वाढताना लागू करावा, लढाईच्या मध्यावर कधीही नाही. ज्या खेळाडूचे काही कमी होणार आहे त्याला सर्वांत आधी आणि वेगळे विचारावे, कारण चारचौघांत नाही म्हणणे अवघड जाते. त्याला पात्रातली तेवढी निवड पुन्हा करू द्यावी.

एका वेळी एकच नियम आणावा. दोन आणले आणि लढाया लांबल्या, तर कोणामुळे लांबल्या ते कळत नाही. आणण्यापूर्वी एखादी झालेली लढाई त्याच पात्रांसह नव्या नियमाने पुन्हा खेळून पाहणे हा सर्वांत स्वस्त तपास आहे. किती फेऱ्या झाल्या, किती पात्रे शून्यावर आली आणि शेवटी किती स्पेल स्लॉट (स्पेल टाकण्याच्या संधी) उरले एवढे तीन आकडे दोन्ही वेळचे लिहून ठेवले तरी बरेच काही दिसते. तपासताना पहिल्या वाक्याकडेही परत जावे. बेरजा कमी व्हाव्यात म्हणून ॲडव्हांटेज आणला होता, तर बेरजा कमी झाल्या का, एवढेच विचारावे. नियम रंजक ठरला की नाही हा वेगळा प्रश्न आहे.

नियम मागे घ्यावा लागला तर त्याखाली जे घडून गेले ते तसेच राहू द्यावे. जो सोबती त्या नियमामुळे वाचला तो जिवंतच राहील आणि जो शत्रू पडला तो पडलेलाच राहील, हे मागे घेण्याच्या दिवशी नव्हे तर नियम लागू करतानाच सांगून ठेवावे. नियमामुळे एखाद्या खेळाडूने फीट किंवा शस्त्र निवडले असेल, तर ते त्याच लेव्हलला बदलून घेण्याची मुभा द्यावी, आणि मागे घेतलेला नियम पत्रकातून पुसण्याऐवजी त्यावर रेघ मारून शेजारी कारण लिहावे, म्हणजे पुढच्या कॅम्पेनमध्ये कोणी तोच नियम सुचवला तर चर्चा पुन्हा पहिल्यापासून करावी लागत नाही.